वॉल्टर क्रिस्टी: धुळीच्या ट्रॅकवरचा रेसर, ज्यांच्या स्प्रिंगांवर टी-34 रणगाडा धावला

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. 1994 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात आलेल्या बहुतेकांची नजर आधी तोफेच्या लांब नळीकडे जाते. पण खाली वाकून चाकांकडे पाहिलं, तर एक वेगळीच गोष्ट दिसते. ब्रिटिश चर्चिल रणगाड्याला एका बाजूला 11 छोटी चाकं आहेत आणि प्रत्येक चाकाला स्वतःची स्प्रिंग आहे. सेंच्युरियनची सहा चाकं दोन-दोनच्या तीन जोड्यांत बसवलेली आहेत. पॅटन रणगाड्यात तर बाहेरून स्प्रिंग दिसतच नाही, कारण तिथे स्प्रिंगचं काम पोटाखालून आडवे गेलेले पोलादी दांडे करतात.

प्रश्न सगळ्यांपुढे एकच होता. कित्येक टनांचं धूड खाचखळग्यांतून वेगाने न्यायचं, तर त्याची चाकं कशावर आणि किती कडक स्प्रिंगवर टेकवायची?

या प्रश्नाला गेल्या शतकातलं सर्वात धाडसी उत्तर दिलं ते जॉन वॉल्टर क्रिस्टी या अमेरिकी इंजिनियरने. त्यांची सुरुवात रणगाड्यांपासून झाली नव्हती. ते रेसिंग कार बनवायचे आणि स्वतःच चालवायचे, तेही घोड्यांच्या शर्यतीसाठी बांधलेल्या मातीच्या ट्रॅकवर. त्यांच्या स्प्रिंगांवर पुढे सोव्हिएत आणि ब्रिटिश रणगाडे धावले. त्यांच्या स्वतःच्या देशाने मात्र त्यांना जवळपास हाकलूनच लावलं.

जहाजाच्या कारखान्यातला पोरगा

क्रिस्टी यांचा जन्म 6 मे 1865 चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला. वयाच्या सोळाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या डेलामेटर आयर्न वर्क्स या कारखान्यात कामाला लागले. दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात कूपर युनियन या संस्थेत शिक्षण, असा क्रम होता. पुढे ते जहाज कंपन्यांचे सल्लागार इंजिनियर झाले. युद्धनौकेवरची अवजड तोफ ज्या गोल कड्यावर फिरते, ते कडं तयार करण्याच्या कामात त्यांनी नाव आणि पैसा मिळवला.

म्हणजे प्रचंड वजन हलतं कसं आणि ते पेलायचं कसं, याची समज त्यांना मोटारीच्या आधीच आली होती. विसावं शतक उजाडताना मोटारीचं वेड सुरू झालं आणि क्रिस्टी त्यात उतरले.

इंजिन पुढे, ताकदही पुढच्याच चाकांना

त्या काळच्या जवळपास सगळ्या मोटारींत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची. क्रिस्टी यांनी 1904 साली बनवलेल्या पहिल्या मोटारीत हे उलटं केलं. इंजिन पुढे आणि तेही आडवं बसवलं, आणि ताकद थेट पुढच्या चाकांना दिली. आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कारमध्ये इंजिन असंच आडवं असतं आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात. ही पद्धत जगभर रुजली ती 1959 च्या ब्रिटिश मिनी कारनंतर. क्रिस्टी त्याच्या अर्धशतक आधी हे करून बसले होते.

या रचनेत एक अडचण होती. इंजिनाचं सगळं वजन पुढच्या चाकांवर. गाडी ओढायची त्याच चाकांनी, वळवायची त्याच चाकांनी आणि खड्डा लागला की पहिला फटकाही त्यांनाच. त्यामुळे पुढची स्प्रिंग किती कडक असावी, हा प्रश्न क्रिस्टींच्या गाडीत इतर कोणत्याही गाडीपेक्षा जास्त बिकट होता.

पुढची स्प्रिंग ठरवतात कशी?

स्प्रिंगचा कडकपणा मोजायची रीत सोपी आहे. स्प्रिंग 1 सेंटीमीटर दाबायला किती किलो वजन लागतं, तो आकडा म्हणजे तिचा रेट. समजा, गाडीच्या एका पुढच्या चाकावर 300 किलो भार येतो. स्प्रिंगचा रेट सेंटीमीटरला 30 किलो असेल, तर गाडी नुसती उभी असतानाच स्प्रिंग 10 सेंटीमीटर बसेल. अशी गाडी धक्का बसल्यावर सेकंदाला साधारण दीड वेळा वरखाली होते. रेट दुप्पट केला, म्हणजे 60 किलो, तर स्प्रिंग 5 सेंटीमीटरच बसते आणि गाडी सेकंदाला सव्वादोन वेळा हलते. पहिल्या गाडीत झुलल्यासारखं वाटेल, दुसरीत दणके जाणवतील.

म्हणून स्प्रिंग मऊ की कडक, हे वजन सांगितल्याशिवाय ठरत नाही. रिकामी एसटी खडखडते आणि तीच गाडी माणसांनी भरली की बरी चालते, याचं कारण हेच. तिचे पाटे भरलेल्या गाडीचा हिशेब धरून बसवलेले असतात.

मातीच्या ट्रॅकवर आणखी एक गोष्ट येते. वेगात वळण घेताना गाडीचं वजन बाहेरच्या बाजूच्या चाकांवर, विशेषतः पुढच्या बाहेरच्या चाकावर, झुकतं. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांच्या मानाने फार कडक असतील, तर पुढचे टायर पकड सोडतात. स्टिअरिंग वळवलेलं असतं, पण गाडी सरळच सरकत कठड्याकडे जाते. पुढच्या स्प्रिंगा फार मऊ असतील, तर गाडी वळणात लोळते, नाक खाली घालते आणि खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊन धातूवर धातू आपटतो.

त्यात माती दिवसभर एकसारखी राहत नाही. पाणी मारलेली ओली माती टायरला धरून ठेवते, तेव्हा जरा कडक स्प्रिंग चालते. उन्हाने आणि गाड्यांनी ती घासून गुळगुळीत झाली की पकड जाते आणि टायर जमिनीला चिकटून राहावा म्हणून स्प्रिंग मऊ लागते. म्हणूनच मातीवर शर्यती करणाऱ्या आजच्या टीम स्प्रिंगांचे वेगवेगळे जोड सोबत बाळगतात.

यावर खरा उतारा एकच. चाकाला वरखाली व्हायला भरपूर जागा द्यायची. जागा मिळाली, तर मऊ स्प्रिंगही पूर्ण दाबली न जाता फटका पचवते. क्रिस्टी यांच्या पुढच्या आयुष्यातलं सर्वात मोठं काम याच एका गोष्टीवर उभं राहिलं.

टक्कर, ग्रां प्री आणि अपघात

1905 साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर व्हँडरबिल्ट कप ही मोठी शर्यत झाली. इटलीचे विन्सेन्झो लान्सिया आपली फियाट घेऊन आघाडीवर होते. त्यांची आणि क्रिस्टींच्या गाडीची टक्कर झाली. लान्सियांची हातातली शर्यत गेली, ते चौथे आले. क्रिस्टींची गाडी तर बादच झाली.

तरी क्रिस्टी थांबले नाहीत. 1907 साली ते फ्रान्समधल्या दिएप इथे फ्रेंच ग्रां प्रीमध्ये उतरले. त्यांच्या गाडीचं इंजिन चार सिलिंडरचं, पण जवळपास 20 लिटरचं होतं. ग्रां प्री शर्यतीत उतरलेलं हे आजवरचं सर्वात मोठं इंजिन. आजच्या साध्या कारचं इंजिन सव्वा-दीड लिटरचं असतं, यावरून अंदाज यावा. पण गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही.

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या ब्रूनो आयलंड ट्रॅकवर, आधीच्या अपघातात पडलेल्या अवशेषांवर त्यांची गाडी आदळली. क्रिस्टी गंभीर जखमी झाले. बरे होऊन ते पुन्हा गाडीत बसले, पण रेसिंगमधून धंदा उभा राहत नव्हता. पुढे त्यांची एक गाडी बार्नी ओल्डफील्ड या गाजलेल्या ड्रायव्हरने विकत घेतली आणि गावोगावच्या जत्रांमधल्या मातीच्या ट्रॅकवर पळवून लोकांची गर्दी खेचली.

आगीच्या बंबाने तारलं

पैसा मिळाला तो वेगळ्याच ठिकाणी. त्या वेळी अमेरिकेतल्या शहरांत आग विझवायचे वाफेचे बंब घोडे ओढायचे. बंब चांगले होते, पण घोडे पोसणं महाग पडत होतं. क्रिस्टी यांनी पुढच्या चाकांनी ओढणारा दोन चाकी ट्रॅक्टर बनवला. घोडे सोडायचे, त्या जागी हा ट्रॅक्टर जोडायचा आणि जुना बंब तसाच वापरायचा. 1911 नंतरच्या काही वर्षांत असे सुमारे 600 ट्रॅक्टर तयार झाले. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने ते मोठ्या संख्येने घेतले.

पहिलं महायुद्ध आलं आणि क्रिस्टी लष्करी वाहनांकडे वळले.

रणगाड्याची अडचण काय होती?

पहिल्या महायुद्धातले रणगाडे माणसाच्या चालीने चालायचे. काहींना स्प्रिंगच नव्हती. वेग इतका कमी होता, की तिची गरजही फारशी भासली नाही. शिवाय लोखंडी पट्टे लवकर झिजायचे, त्यामुळे लांबचा प्रवास रणगाडा स्वतःच्या बळावर करू शकत नसे.

क्रिस्टी यांनी 1919 साली असा रणगाडा बनवला, की ज्याचे पट्टे काढून ठेवता येतील आणि मग तो रस्त्यावर नुसत्या चाकांवर धावेल. कल्पना चांगली, पण चाकांना नीट स्प्रिंग नव्हती आणि यंत्रही कुरकुरत होतं. लष्कराने चाचण्या घेतल्या आणि नापसंती कळवली. सुधारित रणगाड्याचंही तेच झालं. मधल्या काळात क्रिस्टींनी पाण्यात चालणारं वाहन बनवून ते हडसन नदीतून पार नेऊन दाखवलं. ऑर्डर मात्र मिळेना.

मग त्यांनी काही वर्षं बाकी सगळं बाजूला ठेवून स्प्रिंगवरच लक्ष केंद्रित केलं.

1928 ची युक्ती

रणगाड्यात लांब स्प्रिंग बसवायला जागा कुठून आणायची? बाहेर लावली तर गोळी लागून तुटणार. आत लावली तर माणसांची जागा जाणार.

क्रिस्टी यांनी रणगाड्याच्या बाजूची भिंत दुहेरी केली आणि दोन भिंतींच्या मधल्या फटीत लांब कॉइल स्प्रिंगा ठेवल्या. प्रत्येक मोठं चाक एका स्वतंत्र हातावर बसवलं आणि तो हात स्प्रिंगला जोडला. एक चाक दगडावर चढलं, तरी शेजारच्या चाकाला पत्ता लागत नाही.

इथे तरफेचं गणित कामाला येतं. चाक 2 सेंटीमीटर उचललं गेल्यावर स्प्रिंग 1 सेंटीमीटरच दबत असेल, तर चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या रेटच्या निम्मा नसतो, तो चौथ्या हिश्शाइतका होतो. म्हणजे स्प्रिंग जाड, दणकट ठेवूनही चाक मऊ वागतं आणि वीतभर वरखाली होऊ शकतं. त्या काळच्या रणगाड्यांच्या मानाने ही हालचाल कितीतरी जास्त होती.

पुढच्या चाकांवर इथेही सगळ्यात जास्त जबाबदारी होती. पट्टे काढल्यावर हीच चाकं रणगाडा वळवायची. ब्रेक दाबला की नाक खाली झुकून भार त्यांच्यावर यायचा आणि खंदकाच्या काठावर पहिली आदळायची तीच. रेसिंग कारच्या नाकाचं जे दुखणं, तेच इथे आठ टनी यंत्राचं झालं होतं.

1928 साली हा रणगाडा दाखवला गेला, तेव्हा पाहणारे चकित झाले. विमानाचं जुनं लिबर्टी इंजिन बसवलेला हा रणगाडा पट्ट्यांवर ताशी सुमारे 68 किलोमीटर वेगाने गेला. चाकांवर तर त्याहून बराच जास्त. आपण काळाच्या पुढे आहोत, याची क्रिस्टींना इतकी खात्री होती, की त्यांनी या रणगाड्याचं नाव एम 1940 ठेवलं.

घरच्यांनी नाकारलं, बाहेरच्यांनी उचललं

अमेरिकी पायदळातले आणि घोडदळातले काही अधिकारी या रणगाड्यावर खूश होते. पण खरेदीचा निर्णय ऑर्डनन्स खात्याच्या हातात होता. त्यांचं म्हणणं होतं, की चिलखत पातळ आहे, आत जागा नाही आणि यंत्र टिकाऊ नाही. या हरकती निराधार नव्हत्या. पण क्रिस्टी कुणाच्या सांगण्यावरून एक बोल्टही बदलायला तयार नसत. लष्कराने दिलेल्या मागण्यांपेक्षा स्वतःला पटेल तेच ते बनवायचे. शेवटी 1931 साली लष्कराने सात रणगाडे घेतले. त्यानंतरच्या सुधारित रणगाड्यांचं काम मात्र दुसऱ्याच कंपनीला गेलं. ती कंपनी होती अमेरिकन ला फ्रान्स, म्हणजे आगीचे बंब बनवणारी.

पैशाची चणचण होतीच. 1930 साली क्रिस्टी यांनी सोव्हिएत संघाच्या व्यापारी कंपनीशी दोन रणगाड्यांचा करार केला. तेव्हा अमेरिकेचे सोव्हिएत संघाशी राजनैतिक संबंधही नव्हते. रणगाडे तोफेच्या घुमटाशिवाय जहाजावर चढले आणि कागदपत्रांवर ते शेतीचे ट्रॅक्टर होते. पोलंडनेही एक रणगाडा मागवून पैसे दिले होते. तो रणगाडा काही पोलंडला पोहोचला नाही आणि पैसे परत करावे लागले.

सोव्हिएत इंजिनियरांनी त्या दोन रणगाड्यांवरून बीटी ही मालिका तयार केली. असे हजारो रणगाडे बनले. 1939 साली मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल इथे जपानी फौजेविरुद्ध ते लढले.

ब्रिटनला हा प्रकार कळला तो 1936 साली. सोव्हिएत लष्करी सराव पाहायला गेलेले ब्रिटिश अधिकारी गिफर्ड मार्टेल यांनी बीटी रणगाडे उड्या मारत धावताना पाहिले आणि परत येऊन तसाच रणगाडा घेण्याचा आग्रह धरला. मोटार उद्योजक लॉर्ड नफिल्ड यांच्या कंपनीने क्रिस्टींकडून एक नमुना मिळवला. त्यावरून पुढे क्रुसेडर आणि क्रॉमवेलसारखे ब्रिटिश रणगाडे आले.

टी-34 आणि त्याच स्प्रिंगेची मर्यादा

बीटी मालिकेतूनच 1940 साली मिखाईल कोश्किन यांचा टी-34 आला. पट्टे काढून चाकांवर धावण्याची सोय त्यात गाळली होती, पण क्रिस्टी यांच्या स्प्रिंगा कायम होत्या. दुसऱ्या महायुद्धात सर्वात जास्त संख्येने बनलेला हा रणगाडा. रुंद पट्टे आणि भरपूर हलणारी चाकं यांमुळे चिखलात आणि बर्फात तो चपळ होता.

पण वजनाचा हिशेब इथेही सुटला नाही. क्रिस्टींचा 1928 चा रणगाडा आठ टनांच्या आसपास होता. टी-34 सुरुवातीलाच सुमारे 26 टनांचा होता आणि मोठी तोफ बसवल्यावर 32 टनांवर गेला. वजन वाढलं तशा स्प्रिंगा दणकट कराव्या लागल्या, पण फटीतली जागा तेवढीच. शिवाय टी-34 ला शॉक अॅब्सॉर्बर नव्हते. स्प्रिंग धक्का पचवते, पण झुलणं थांबवत नाही. ते काम शॉक अॅब्सॉर्बरचं. त्यामुळे टी-34 खड्ड्यानंतर नाव डुलावी तसा पुढेमागे झुलत राहायचा आणि चालता चालता नेम धरणं अवघड व्हायचं. ब्रिटिशांनी क्रॉमवेलला शॉक अॅब्सॉर्बर लावले, म्हणून तिथे ही तक्रार कमी होती.

1942 साली सोव्हिएत संघाने एक टी-34 चाचणीसाठी अमेरिकेला पाठवला. अमेरिकी तपासनिसांनी त्याच्या स्प्रिंगांबद्दल फारसं चांगलं मत दिलं नाही. हीच रचना त्यांनी आपल्याकडे आधीच तपासून नाकारली होती. सोव्हिएत इंजिनियरांनाही दोष ठाऊक होता. 1944 च्या टी-44 मध्ये त्यांनी कॉइल स्प्रिंग काढली आणि टॉर्शन बार आणला. टॉर्शन बार म्हणजे तळाशी आडवा बसवलेला पोलादी दांडा. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो आणि सुटताना चाकाला खाली ढकलतो. भिंतीतली जागा मोकळी होते आणि प्रत्येक चाक क्रिस्टींच्या रचनेसारखंच स्वतंत्र राहतं.

शेवट आणि मागे उरलेलं काम

क्रिस्टी शेवटपर्यंत नवनवे नमुने बनवत राहिले. 1932 साली त्यांनी हलक्या मिश्रधातूचा रणगाडा तयार केला आणि त्याला पंख लावून विमानासारखा युद्धभूमीवर उतरवायची योजना मांडली. ती कागदावरच राहिली. लष्कराशी बिनसलेलं पुन्हा जुळलं नाही आणि हातात पैसाही उरला नाही. 11 जानेवारी 1944 रोजी व्हर्जिनिया राज्यात त्यांचं निधन झालं. त्या वेळी त्यांच्या स्प्रिंगांवर बसलेले हजारो टी-34 जर्मन फौजांना पश्चिमेकडे रेटत होते.

अहिल्यानगर हे भारतीय रणगाडा दलाच्या प्रशिक्षणाचं मुख्य ठिकाण आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच आहे, रणगाडे खारे कर्जुने परिसरातल्या के. के. रेंजवर सराव करतात आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई याच शहरात वाहनांची चाचणी घेते. भारतीय लष्कराने वापरलेला सोव्हिएत टी-55 रणगाडा टी-34 च्याच वंशातला. त्याची मोठी चाकं आणि वरून थेट चाकांवर टेकलेला पट्टा पाहिला, की क्रिस्टींच्या 1928 च्या रणगाड्याशी नातं लगेच दिसतं, फक्त आत कॉइल स्प्रिंगेऐवजी टॉर्शन बार आहे. भारतीय बनावटीच्या विजयंतालाही टॉर्शन बारच होते. अर्जुन रणगाड्यात स्प्रिंगचं काम दाबलेला वायू आणि तेल करतं. वायू जितका जास्त दाबला जातो, तितका तो आपोआप कडक होतो. छोट्या खड्ड्याला मऊ आणि मोठ्या फटक्याला कडक, अशी ही सोय आहे. क्रिस्टींच्या लांब कॉइल स्प्रिंगेला हे जमत नव्हतं. तिचा रेट एकदा ठरला की तो प्रत्येक खड्ड्याला तोच.